राहणाऱ्याला न विचारलेला प्रश्न

१

माणूस आपले जीवन आणि आपली श्रद्धा खरोखर निवडतो काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने सरळपणे क्वचितच विचारला आहे. मात्र त्याचे उत्तर गृहीत धरून तिने अनेक निवाडे दिले आहेत. धर्मांतराचा अनुभव सांगणारी संहिता समोर आली, की समीक्षकाची पहिली जिज्ञासा 'हे कशामुळे घडले' अशी असते. मग कारणांची यादी सुरू होते : पतीचा प्रभाव, मिशनऱ्यांचा सहवास, इंग्रजी शिक्षण, दुष्काळ, वैधव्य, जातीचा अपमान. कारण सापडले की निर्णय निकालात निघतो. ज्याला कारण आहे त्याला स्वातंत्र्य नाही, असे एक न उच्चारलेले सूत्र या साऱ्या विवेचनामागे उभे असते.

या सूत्राचा तात्त्विक कच्चेपणा एक वेळ क्षम्य ठरला असता. परंतु ते सर्वांना सारखे लावले जात नाही, आणि हीच त्यातील आक्षेपार्ह गोष्ट आहे. जो जन्मप्राप्त धर्मात राहिला, त्याच्या राहण्याची कारणमीमांसा कोणी करीत नाही. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात एका मुलीचे मन पतीच्या शिकवणुकीतून आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या विरोधातून कसे घडत गेले, याचे बारकाईने केलेले चित्रण आहे. प्रार्थनासमाजाच्या वळणाची त्यांची श्रद्धा पतीच्या छायेत वाढली, हे त्यांनी लपवलेले नाही. तरीही ती श्रद्धा 'त्यांची' होती काय, असा संशय कोणी घेतलेला नाही. तोच संशय लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्याला मात्र हमखास येतो. दोघींच्याही घरी पती हा गुरू होता. एकीने उंबरठा ओलांडला आणि दुसरीने ओलांडला नाही, एवढाच येथे फरक आहे.

स्वतः न्यायमूर्ती रानड्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. बहिष्काराची धास्ती, आप्तेष्टांचा आग्रह, स्नेह्यांची अडचण असे सारे दडपण या निर्णयामागे होते. या प्रायश्चित्ताला दुबळेपणा म्हणणारे भेटतात, मुत्सद्दीपणा म्हणणारेही भेटतात. पण 'दबावाने घडवून आणलेले धर्मग्रहण' असे त्याचे वर्णन कोणी करीत नाही. राहण्यासाठी आलेले दडपण हे दडपण म्हणून मोजलेच जात नाही. ते समाजाचे वजन मानले जाते. जाण्यासाठी आलेली प्रेरणा मात्र तात्काळ 'आमिष' होते.

२

या असमतोलाला आज दोन सिद्धान्तांचा आधार मिळाला आहे, आणि ते दोन्ही परस्परांचे वैरी असावेत हा या वादातील विनोद आहे.

पहिला सिद्धान्त सांस्कृतिक अभिमानाचा. त्याच्या मते धर्म हा निवडीचा विषयच नसतो. तो मातृभाषेसारखा, रक्तासारखा असतो. म्हणून जो बदलतो तो फसलेला असतो किंवा विकला गेलेला असतो. या मताच्या पुरस्कर्त्यांना एक साधा प्रश्न विचारता येतो. श्रद्धा जर निवडता येत नसेल, तर राहणाऱ्याच्या निष्ठेचे कौतुक कशासाठी करायचे? जे सोडताच येत नाही ते न सोडण्यात गुण कोणता? निष्ठेला मोल द्यायचे असेल तर सोडण्याची शक्यता मान्य करावी लागते. आणि ती मान्य केली की सोडणाऱ्याला फसलेला म्हणण्याचा अधिकार आपोआप संपतो.

दुसरा सिद्धान्त पाश्चात्त्य वैचारिकतेच्या मार्गाने आला. लुई अल्थ्युसर याने विचारप्रणालीवरील आपल्या १९७० सालच्या निबंधात व्यक्तीचा 'कर्ता' कसा बनतो याची मीमांसा केली आहे. रस्त्यावर पोलीस हाक मारतो, माणूस वळतो, आणि वळताक्षणीच तो त्या व्यवस्थेचा कर्ता व अंकित ठरतो. अल्थ्युसरने पुढे याच निबंधात ख्रिस्ती धर्माचा, ईश्वराने मोशेला मारलेल्या हाकेचा दाखला घेतला आहे. हा विचार मूलगामी आहे यात शंका नाही. 'मी निवडले' असे म्हणणारा 'मी' हाच मुळात घडवला गेलेला असतो, हे ध्यानात आणून देऊन त्याने अस्तित्ववादी समीक्षेतील निरंकुश, एकाकी, संपूर्ण मुक्त माणसाची मिरास मोडून काढली. हे आवश्यकच होते. परंतु या विचाराचा जो संक्षेप मराठी वर्गांतून आणि प्रबंधांतून रूढ झाला आहे, त्यात कर्ता म्हणजे केवळ संरचनेचा परिणाम, असे सरसकट समीकरण मांडले जाते. परिणामी अभिमानी समीक्षक आणि संरचनावादी समीक्षक एकाच निष्कर्षावर येऊन पोहोचतात. पहिला म्हणतो, तिला पाद्र्याने बोलावले; दुसरा म्हणतो, तिला वसाहतवादी विमर्शाने बोलावले. तिने काय केले, हा प्रश्न दोघांच्याही लेखी अनावश्यक असतो.

हाक आली आणि माणूस वळलाच नाही, तर काय म्हणायचे? हाक आल्यावर तो पाच वर्षे उभा राहिला, मग त्याने तिसऱ्याच दिशेला पाऊल टाकले, आणि तिथून फिरून आपल्या पायांनी त्या हाकेकडे गेला, तर? ही कल्पना करण्याची गरज नाही. मराठीत अशी एक संहिता उपलब्ध आहे, आणि तिच्या विनोदावर व साधेपणावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या समीक्षेने तिच्यातील या गोष्टीकडे पुरेसे पाहिलेले नाही.

३

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून १९३६ पर्यंत प्रसिद्ध झाले. ही तीन सालांची नोंद चरित्रकोशाला पुरेशी असली, तरी समीक्षेला पुरेशी नाही. कारण खरा प्रश्न १८९५ आणि १९०० यांच्या मधल्या जागेत आहे.

त्या जागेत एकच स्त्री तीन अवस्थांतून गेलेली दिसते. प्रथम ती पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने, हिंदू म्हणून राहते. नंतर ती पतीकडे परतते. पण हिंदू म्हणूनच, आपले आचार आणि आपला स्वयंपाक सांभाळून. शेवटी ती पतीच्या घरातच ख्रिस्ती होते. 'नवऱ्यामागोमाग गेली' हे रूढ स्पष्टीकरण यांतील मधल्या अवस्थेपाशी अडते. पतीचा प्रभाव हे पुरेसे कारण असते, तर परतण्याचा दिवस हाच धर्मांतराचा दिवस ठरायला हवा होता. आश्रयाची गरज हे कारण मानले, तर आश्रय तिला धर्म न बदलता मिळालेलाच होता. आप्तांचे वजन हे निर्णायक मानले, तर ती परतलीच नसती. प्रत्येक कारण खरे आहे. कोणतेही कारण पुरत नाही. जे उरते, त्याला कर्तेपण म्हणतात.

आणि हे कर्तेपण कुठे घडते ते पाहावे. ते धर्मग्रंथाच्या अभ्यासात घडत नाही, प्रवचनात घडत नाही. ते पाण्याच्या भांड्यापाशी घडते. 'स्मृतिचित्रे'च्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना झालेल्या फाशीनंतर त्या गृहस्थांचे मन शुद्धाशुद्धतेच्या विचाराने असे काही पछाडले, की सारे घर त्या पाण्याखाली भिजून गेले. वाचक हसतो, आणि समीक्षक त्या हसण्याला 'नर्मविनोद' असे नाव देऊन पुढे जातो. परंतु हा विनोद नुसता अलंकार नाही. सोवळ्याच्या सत्तेत बालपण गेलेली मुलगी प्रौढपणी जातिभेदाचा विचार करू लागते, तो देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे या निष्कर्षाप्रत येते, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवते. ख्रिस्ताच्या स्वीकाराचा प्रश्न तिच्यापुढे निर्णायक स्वरूपात येतो तो यानंतर. ज्या दिशेने हाक आलेली नव्हती, त्या दिशेला टाकलेले हे पहिले पाऊल होय. ते टाकल्यानंतर जुन्या घरात राहण्याचे मोठे प्रयोजनच संपते.

यावर कोणी म्हणेल, की जातिभेदाविरुद्धचा हा विचारही मिशनच्या वातावरणातून, पतीच्या बोलण्यातून आलेला होता. असेलही. कोणताही विचार कुठून तरी येतोच. स्वतः टिळकांना बायबल मिळाले ते रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अपरिचित युरोपियन गृहस्थाकडून. तो डबा चुकला असता तर काय झाले असते, हा तर्क करण्यात अर्थ नाही. विचाराचा उगम आणि विचाराचा स्वीकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. उगमाला कारण असते. स्वीकाराला समर्थन लागते. कारण माणसाच्या पाठीमागून काम करते, समर्थन त्याच्या डोळ्यांपुढे असते. लक्ष्मीबाईंनी आपल्या निर्णयामागची कारणे स्वतःच, काही वेळा स्वतःची थट्टा करीत सांगितली आहेत. आपल्याला कोणकोणत्या गोष्टींनी ओढले, अडवले, भिवविले हे जो सांगू शकतो, तो त्या गोष्टींच्या केवळ अधीन नसतो. त्यांच्या निवेदनाला 'निर्व्याज' म्हणून गौरवताना समीक्षेने त्यांच्यातील विचार करणारी स्त्रीच वगळली. साधी भाषा म्हणजे साधे मन, असा हा गैरसमज आहे.

४

मराठी विचारात स्वातंत्र्य आणि बद्धता यांचा ऊहापोह झालाच नाही, असे नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या 'गीतारहस्या'त (१९१५) लोकमान्य टिळकांनी 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. संचित आणि प्रारब्ध यांची साखळी मान्य करूनही आत्मा स्वतंत्र आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. देह, इंद्रिये, मन ही कर्माच्या तावडीत असली, तरी त्यांना सुधारण्याची प्रेरणा आत्म्याची आहे. कारागिराला हत्यारांवाचून काम करता येत नाही, हत्यारे बोथट असतील तर आधी ती परजावी लागतात; पण म्हणून कारागीर हत्यारांचा दास ठरत नाही. कारणांची बद्धता आणि कर्त्याचे स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, ही या प्रकरणाची मध्यवर्ती भूमिका आहे, आणि ती आजही विचारार्ह आहे.

हे स्वातंत्र्य कोणाच्या आत्म्याला लागू होते, हा प्रश्न मात्र ग्रंथाच्या बाहेर जाऊन विचारावा लागतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. तेथील विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, या कारणावरून वादळ उठले. 'केसरी'ने कठोर टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींच्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले. कोणावर सक्ती नाही, पण आपल्या प्रार्थनेच्या वेळी आपण दार लावून घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. या वादात सनातनी बोलले, सुधारक बोलले, वृत्तपत्रे बोलली. त्या उघड्या दारातून आत जायचे की नाही हे ज्या ठरवीत होत्या, त्या मुलींना कोणी विचारल्याचे या वादात कुठे जाणवत नाही. ज्यांचे केशवपन त्यांना न विचारता झाले, ज्यांचे उपास त्यांच्यासाठी इतरांनी ठरवले, त्यांच्या संमतीची चिंता त्या प्रार्थनेला बसल्या तेव्हाच प्रथम जागी झाली. १८९३ मधील वृत्तपत्रीय भूमिका आणि १९१५ मधील ग्रंथ यांत बावीस वर्षांचे अंतर आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. आत्मस्वातंत्र्याचा सिद्धान्त विधवेच्या आत्म्यापर्यंत नेण्याचे धैर्य त्या काळच्या सुधारक बुद्धीलाही झाले नाही.

रमाबाईंना स्वतःला तरी निवडीचा अधिकार मिळाला काय? १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचणाऱ्याला दिसते, की ज्या चर्चमध्ये त्या गेल्या त्याच चर्चशी त्यांचा वाद लगेच सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, धर्माधिकाऱ्यांची सत्ता, मुलीचे शिक्षण, या प्रत्येक बाबतीत त्या आपल्या सदसद्विवेकाचा दाखला देतात. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या स्वाधीन होण्याची त्यांची तयारी नव्हती. पुण्यातील टीकाकारांना त्या मिशनच्या हातचे बाहुले वाटत होत्या, आणि मिशनमधील हितचिंतकांना त्या हट्टी वाटत होत्या. बाहुले आणि हट्टी ही दोन्ही विशेषणे एकाच व्यक्तीला एकाच वेळी लागू होऊ शकत नाहीत. पुढे 'माझी साक्ष' (१९०७) मध्ये त्यांनी म्हटले, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी मिळाला. निवड ही एका क्षणाची घटना नसते. ती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा करावी लागते, तपासावी लागते, याची एवढी स्पष्ट कबुली मराठी आत्मकथनात विरळा.

५

आतापर्यंतची उदाहरणे एकेकट्या व्यक्तींची होती. समूहाच्या निवडीविषयीचा संशय याहून खोल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेव्हापासून एक आक्षेप सभ्य भाषेत घेतला जातो : श्रद्धा ही व्यक्तीच्या अंतःकरणाची बाब आहे, लाखो लोक एका दिवशी एकच श्रद्धा कशी निवडतील? ही राजकीय कृती झाली, धार्मिक नव्हे.

या आक्षेपामागे 'एका दिवशी' हे शब्द आहेत, आणि ते चुकीचे आहेत. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. मुंबईच्या महार परिषदेतील 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण ३१ मे १९३६ चे. त्या भाषणात धर्मांतराच्या बाजूचे आणि विरोधाचे मुद्दे एकेक करून तपासले आहेत, आणि शेवटी बुद्धाने आनंदाला केलेल्या उपदेशाच्या आधारे श्रोत्यांना स्वतःच्या बुद्धीवर विसंबण्यास सांगितले आहे. घोषणा आणि दीक्षा यांत एकवीस वर्षे गेली. या काळात वस्त्यांतून काय घडत होते हे वसंत मून यांच्या 'वस्ती' (१९९५) या नागपूरच्या आत्मकथनात वाचता येते. आखाडे, समता सैनिक दल, शिक्षणाची धडपड यांतून एक समूह विचार करायला शिकत होता. एकवीस वर्षे चाललेल्या चर्चेला घाई म्हणणाऱ्यांनी, आपला जन्मप्राप्त धर्म आपण किती वर्षांच्या चर्चेनंतर स्वीकारला, हे एकदा सांगावे.

आमिषाचा आरोप तर येथे उलटाच पडतो. १९५० च्या अनुसूचित जातीविषयक राष्ट्रपती-आदेशानुसार हिंदू नसलेल्यांना ती ओळख नाकारलेली होती. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला आणि बौद्धांचा १९९० मध्ये. म्हणजे धर्मांतरितांनी केंद्राच्या सवलतींवरील हक्क गमावून दीक्षा घेतली. राहण्यात लाभ होता आणि जाण्यात तोटा. तरीही आमिषाला बळी पडल्याचा संशय जाणाऱ्यांवरच.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथाचा येथे आणखी एका दृष्टीने विचार करावा लागतो. गतजन्मीच्या कर्मामुळे आजची स्थिती प्राप्त होते, हा सिद्धान्त त्यांनी बुद्धविचाराशी विसंगत म्हणून नाकारला. 'गीतारहस्या'ने कर्मविपाकाची साखळी ठेवून तिच्या आत स्वातंत्र्याची जागा शोधली. बाबासाहेबांनी साखळीची ती कडीच काढून टाकली. ज्याच्या माथी प्रारब्ध म्हणून जात मारलेली आहे, त्याच्या दृष्टीने या दोन भूमिकांतील अंतर केवळ तात्त्विक नाही. आपल्या बद्धतेचे समर्थन करणारा सिद्धान्त नाकारणे, हीच त्याची पहिली मुक्त कृती असते.

कायद्यानेही हाच असमतोल आपल्या भाषेत उतरवला आहे. संविधानाचा अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळ, आमिष आणि कपट यांनी घडवलेल्या धर्मांतरावर बंदी घातली, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात ते कायदे वैध ठरवले. बळ आणि कपट यांना कोणीच स्वातंत्र्य म्हणणार नाही. येथवर वाद नाही. परंतु उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्याला साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणा करण्यास भाग पाडले, आणि त्याच वेळी लगतच्या पूर्वीच्या धर्मात परतणे हे धर्मांतर मानू नये असेही म्हटले. जाण्यासाठी चौकशी, परतण्यासाठी मोकळा रस्ता. समीक्षेने दीर्घकाळ गृहीत धरलेले सूत्रच येथे विधीच्या रूपाने बोलत आहे.

६

मग माणूस खरोखर स्वतंत्र आहे काय? कारणांपासून मुक्त अशा अर्थाने तो स्वतंत्र नाही, आणि तसा स्वातंत्र्याचा दावा 'स्मृतिचित्रे'ने, रमाबाईंच्या पत्रांनी किंवा १९३६ च्या भाषणाने केलेलाही नाही. जन्म, भाषा, घर, भूक, अपमान, प्रेम यांच्यातूनच माणूस विचार करतो. परंतु या साऱ्यांचे ओझे घेऊन तो थांबू शकतो, हाकेला उत्तर लांबवू शकतो, कारणांना कारणे म्हणून ओळखू शकतो, केलेल्या निवडीशी पुन्हा भांडू शकतो. स्वातंत्र्य असलेच तर ते या मर्यादित, कष्टाच्या जागेत असते. आत्मकथनाचे मोलही याच जागेमुळे आहे. निवडीचा तो कालावधी, त्यातील माघार आणि फेरविचार, चरित्रकोशात किंवा न्यायालयाच्या निवाड्यात मावत नाही. तो निवेदनातच राहतो.

म्हणून समीक्षेपुढे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. कारणांनी निवड रद्द होते असे तिला वाटत असेल, तर तिने तो नियम राहणाऱ्यांनाही लावावा; संतचरित्रे, सुधारकांच्या आठवणी, कुलवृत्तान्त या सर्वांची श्रद्धा वंशपरंपरेचा परिणाम म्हणून खारीज करावी, आणि मग श्रद्धेच्या साहित्याविषयी बोलणे थांबवावे. ते तिला मान्य नसेल, तर जाणाऱ्याच्या शब्दालाही तिने राहणाऱ्याच्या शब्दाइतकेच वजन द्यावे. 'तू कोणामुळे गेलास' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाच पोहोचतो, ज्याने 'मी कोणामुळे राहिलो' हा प्रश्न आधी स्वतःला विचारला आहे.